आययू : पडलेल्या पहिल्या गाण्यापासून मालिकांपर्यंत

नीलमोहर

कोरियन मालिकांच्या धाग्यावर सध्या आययूचं नाव सारखं येतंय. बहुतेकांची तिच्याशी ओळख 'माय मिस्टर' किंवा 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'मधून झालेली, त्यामुळे "ही गातेसुद्धा?" असं विचारणारेही तिथे भेटले. कोरियातले लोक तिला पंधराव्या वर्षापासून गाताना बघत आलेत. तिथे हे सगळं अवांतर व्हायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतेय. विषय फक्त तिच्या सुरुवातीच्या वर्षांचा, साधारण २००८ ते २०१५.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे वाद घालायला बरं पडेल. आज आययू ज्या प्रकारची गायिका आहे, ती तशी घडण्यात टीव्ही मालिकांचा हात मोठा आहे. 'गाण्यात नाव झालं आणि मग अभिनयाकडे वळली' एवढ्यावर तिची गोष्ट संपत नाही.

खरं नाव ली जी-उन, जन्म १६ मे १९९३, सोल. लहानपणी घरचं बरं चाललेलं, मग कर्जात सगळं गेलं. आई-वडिलांपासून लांब, धाकट्या भावासोबत आजीच्या एका खोलीत राहायची वेळ आली. त्या खोलीतली थंडी, झुरळं हे तिने पुढे टीव्हीवरच्या गप्पांमध्ये स्वतःच सांगितलंय. वीसेक ऑडिशनांमध्ये नकार मिळाला. गायिका बनवतो म्हणून फसवणारेही भेटले. नाकारणाऱ्यांमध्ये जेवायपी ही बडी कंपनीसुद्धा होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. अखेर लोएन एंटरटेनमेंटने घेतलं, दहाएक महिने तालीम झाली आणि १८ सप्टेंबर २००८ ला एमनेट वाहिनीच्या 'एम काउंटडाउन'वर तिने 'लॉस्ट चाइल्ड' हे पहिलं गाणं म्हटलं.

गाणं पडलं. आज ऐकलं तर कारण लगेच कळतं. मागे भरगच्च वाद्यवृंद, चाल संथ आणि जड, शब्द ताटातुटीचे, आणि गाणारी शाळकरी मुलगी. आवाज पक्का आहे, पण या दुःखाशी या मुलीचा काय संबंध, असं ऐकताना वाटत राहतं. त्यात वेळ अशी की चारच दिवसांनी 'वंडर गर्ल्स'चं 'नोबडी' आलं आणि अख्खा देश त्यावर नाचायला लागला. त्याच महिन्यात 'टीव्हीएक्सक्यू'चं 'मिरॉटिक' आलं. तो गटांचा जमाना होता. एकट्या मुलीच्या रडक्या गाण्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

मग कंपनीने दुसरं टोक गाठलं. एप्रिल २००९ च्या पहिल्या अल्बममधलं 'बू', वर्षअखेरचं 'मार्शमेलो' : झालरीचे फ्रॉक, गोड गोड हावभाव. ही गाणी बेताची चालली.

पण याच वर्षी टीव्ही-रेडिओवर ती हातात गिटार घेऊन दुसऱ्यांची गाणी गायला लागली, आणि ते तुकडे लोक एकमेकांना पाठवायला लागले. 'गर्ल्स जनरेशन'चं 'जी', 'सुपर ज्युनिअर'चं 'सॉरी सॉरी', 'बिग बँग'चं 'लाइज'. 'जी' नऊ मुलींनी नाचत गायलेलं, पायाला ठेका धरायला लावणारं गाणं. आययूने तो ठेकाच काढून टाकला. उरली चाल, गिटारचे मोजके सूर आणि तिचा श्वासासकट ऐकू येणारा आवाज. नाचाच्या गाण्यात एवढी हळवी चाल दडलेली होती हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नसावं. माझ्या मते आययूची खरी सुरुवात इथे झाली. कुठल्याही अल्बमवर हे नाही, हे टीव्ही-रेडिओच्या फुटकळ कार्यक्रमांतलं आहे.

जून २०१० मध्ये 'टूएएम' गटातल्या इम सुल-ओंगबरोबरचं 'नॅगिंग' हे युगुलगीत पहिल्या क्रमांकावर गेलं. डिसेंबरमध्ये 'गुड डे' आलं आणि कोरियाच्या गाऑन चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत, सलग ५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यावर कुणीतरी गाण्यातलं कळणाऱ्याने लिहावं. मी पुढच्या गोष्टीवर येते.

'गुड डे' येऊन महिना व्हायच्या आत, ३ जानेवारी २०११ ला, केबीएस२ वर 'ड्रीम हाय' सुरू झाली. कलाशाळेतल्या मुलांची १६ भागांची मालिका. सूझी, किम सू-ह्यून, तेक्योन या मंडळींच्या पुढ्यात आययूला मिळाली किम पिल-सुक. जाडी, लाजरी, आवाज सोन्यासारखा. अंगावर जाड भरलेला पोशाख, गालांना मेकअपने आणलेली सूज, आणि शाळेच्या प्रवेशचाचणीला ती येते तीच मुळी सुशीच्या वेशात, अंग झाकून! देशातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं जिच्या नावावर आहे, ती पडद्यावर ओळखूही येत नव्हती. एवढी लोकप्रियता हाताशी असताना पहिल्याच मालिकेत असं काम पत्करायला हिंमत लागते, असं मला मनापासून वाटतं.

आणि याच मालिकेसाठी तिने गायलेलं 'समडे' ऐका. एकही उंच सूर मिरवलेला नाही. हे गाणं कुणी लिहिलं? जेवायपीचे कर्तेधर्ते पार्क जिन-यंग यांनी. ज्या कंपनीने तिला दारातून परत पाठवलं होतं, तिच्याच मालकाने. त्यांनी त्या मालिकेत शिक्षकाचं कामही केलंय.

बाकी तुम्ही लिहा.


तंबोरा

उत्तम धागा. 'गुड डे'बद्दल मी लिहितो.

शेवटाकडे ती एक सूर लावते आणि धरून ठेवते. मग श्वास न तोडता तोच सूर अर्ध्या स्वराने वर, आणि पुन्हा अर्ध्याने वर. पेटी घेऊन बसलात तर वरच्या सप्तकातली पांढरी तीन, पांढरी चार आणि काळी तीन. तीनही पट्ट्या एकमेकींना चिकटून आहेत. लांब उडी मारणं त्यामानाने सोपं, कारण आवाज नव्याने फेकता येतो. एका श्वासात, आवाजाचा दाब तोच ठेवून, इतक्या जवळच्या सुरावर नेमकं जाणं आणि तिथे थांबणं अवघड. थोडा जरी कमी-जास्त झाला तर लगेच कानाला खुपतो, आणि पुढची पायरी अजून यायचीच असते. कोरियन लोक याला 'तीन पायऱ्यांचा उंच सूर' म्हणतात आणि त्याच्या नकला करायची तेव्हा साथच आली होती. तिने हे गायलं तेव्हा वय १७.

पण मला त्याहून आवडतो तो त्या सुरांच्या आधीचा भाग. चाल ली मिन-सूची, शब्द किम ई-नाचे. हवा किती छान आहे असं म्हणत मनातलं लपवणारी, रडू दाबणारी मुलगी आहे गाण्यात. सुरुवातीला ती जवळजवळ बोलते. त्या दाबलेल्या रडण्याला शेवटी वाट मिळते ती त्या तीन सुरांत. नुसती कसरत असती तर लोक वर्षभरात विसरले असते. २०१९ मध्ये 'बिलबोर्ड'ने त्या दशकातल्या शंभर सर्वोत्तम कोरियन पॉप गाण्यांची यादी केली, तेव्हा हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं.

नीलमोहर, तुमच्या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. श्रेय द्यायचं तर चो यंग-चल या निर्मात्याला आणि ली मिन-सू-किम ई-ना जोडीला द्या. 'ब्राउन आइड गर्ल्स'चं 'अब्राकडाब्रा' याच जोडीच्या हातचं. त्यांनी तिचा आवाज ओळखला. मालिका नसत्या तरी 'गुड डे' झालंच असतं.


अबोली

वाचतेय. 'जी'चं गिटारवालं आत्ताच ऐकलं. अंगावर काटा आला.


गुलबक्षी

'ड्रीम हाय' मला आवडते, पण पिल-सुकच्या गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती इथे मांडायलाच हवी. मुलगी बारीक होते आणि मग तिला आवडणारा जेसन तिच्याकडे वळून बघतो. आवाज तर पहिल्या दिवसापासून तोच होता ना? सुशीच्या पोशाखात गायलेलं गाणं कमी प्रतीचं होतं का? माझ्या घरात चौदा वर्षांची मुलगी आहे, ती या मालिका बघते, आणि त्या वयात असल्या गोष्टी किती खोल जातात ते मी रोज बघते.

हे मनाला लागायचं आणखी एक कारण. आययूने २०१४ मध्ये एसबीएसच्या 'हीलिंग कँप' या कार्यक्रमात सांगितलं की तिला खाण्याचा आजार झाला होता, भराभर खायचं आणि मग उलटी काढायची. त्यासाठी उपचार घ्यावे लागले. म्हणजे पडद्यावर भरलेला पोशाख घालून जाडेपणाचं काम करणारी मुलगी पडद्यामागे कुठल्या धाकात जगत होती, विचार करा. धाग्यात कौतुक चाललंय ते योग्यच आहे, पण त्या यंत्रणेने या मुलींकडून काय वसूल केलं हेही सोबत लिहिलं जावं.


नीलमोहर

गुलबक्षी, तुमची तक्रार अगदी रास्त आहे. मालिकेच्या लेखनातला तो दोष आहेच. आययूने स्वतः हे सगळं जाहीरपणे सांगितलं, तेही कारकीर्द ऐन भरात असताना, याचं मला फार मोल वाटतं. त्या वयाच्या तिथल्या मुलींनी ते ऐकलं असेल.

तंबोरा, काळी तीनपर्यंत नेल्याबद्दल आभार, आता पेटीवर वाजवून बघते. पण तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे. 'गुड डे' त्या चमूचं, मान्य. आययूने स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच चाल लावलेलं पहिलं प्रसिद्ध गाणं कुठलं? 'होल्ड माय हँड'. आणि ते कुठे आलं? मे २०११ मध्ये, एमबीसीच्या 'द ग्रेटेस्ट लव्ह' या मालिकेत, जिच्यात गोंग ह्यो-जिन आणि चा सुंग-वोन होते. तेव्हा तिच्या अल्बमवर काय गायचं हे कंपनी ठरवायची, तिथे अठरा वर्षांच्या मुलीच्या स्वतःच्या चालीला जागा मिळणं कठीण. मालिकेच्या एका गाण्यात तेवढी जोखीम घेता आली. मी म्हणते तो टीव्हीचा वाटा हाच. तिथे तिला लहान लहान जागा मिळाल्या, ज्यांत पडलं तरी फार बिघडत नव्हतं.

ते गाणं तेव्हा चाललंच, आणि दहा वर्षांनी कोरियातल्या लोकांनी पुन्हा उचलून याद्यांमध्ये वर नेलं. ऐकताना गंमत अशी वाटते की तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा हट्टीपणा ऐकू येतो. 'माझा हात धर ना' असं ठणकावून सांगणारी मुलगी आहे ती.


तंबोरा

'होल्ड माय हँड'चा मुद्दा जोरदार आहे. गाणं ऐकलं होतं, पण या कोनातून पाहिलं नव्हतं. तरी नोव्हेंबर २०११ चा 'लास्ट फँटसी' बघा, 'यू अँड आय' असलेला. तिथे पुन्हा वाद्यवृंदाचा थाट, परीकथा, आणि 'गुड डे'चीच पुढची आवृत्ती. मालिकांनी दिलेलं मोकळेपण अल्बमवर यायला २०१३ उजाडलं. 'मॉडर्न टाइम्स'मध्ये स्विंग आणि जॅझच्या अंगाने गेलेली गाणी आहेत, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेलं 'फ्रायडे' तिचं स्वतःचं. साधं, हलकं, गिटारवर गुणगुणावं असं. २००९ मधली गिटारवाली मुलगी तिथे परत भेटते.


सदाफुली

२०१३ चं नाव निघालंच आहे तर 'यू आर द बेस्ट, ली सून-शिन' बद्दल कुणीच का बोलत नाही? ती शनिवार-रविवारची कौटुंबिक मालिका होती, तब्बल ५० भाग, मार्च ते ऑगस्ट. नेटफ्लिक्सवरच्या आटोपशीर मालिकांची सवय झालेल्यांना ती लांबण लागेल, पण आपल्या आई-मावश्या ज्या निष्ठेने रोजच्या मालिका बघतात तोच हा प्रेक्षक. त्या प्रेक्षकासमोर नायिका म्हणून उभं राहायला वीस वर्षांची आययू गेली.

सुरुवातीलाच नावावरून वादंग झाला. ली सून-शिन म्हणजे सोळाव्या शतकात जपानी आरमाराला धूळ चारणारे सेनापती, कोरियाचं दैवतच. एका धडपडणाऱ्या बेकार मुलीला ते नाव दिलं, आणि वर संवादांत त्यावरून कोट्या केल्या, म्हणून लोक संतापले. महाराष्ट्रात राहणाऱ्याला तो संताप समजायला वेळ लागणार नाही.

पण मला सांगायचंय ते गो दू-शिम यांच्याबद्दल. या मालिकेत त्या सून-शिनला वाढवणाऱ्या आई आहेत, आणि जन्म देणारी आई म्हणजे ली मि-सूक. दोघीही मुरलेल्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर गो दू-शिम यांचा राग आणि माया एकाच वेळी मुलीवर निघते. अशा प्रसंगांत आययू सुरुवातीच्या भागांत नुसती रडते. डोळे, नाक, खांदे, सगळंच रडतं. पुढे पुढे ती समोरच्या बाईकडे बघायला लागते, ऐकायला लागते, आणि रडणं कमी होत जातं. पन्नास भाग बघताना हा फरक हळूहळू कळतो. 'माय मिस्टर'मध्ये ती जे गप्प राहून करते त्याची बीजं मला इथे दिसतात. आणि 'माय मिस्टर'मधल्या तीन भावांची म्हातारी आई आठवतेय? त्याच गो दू-शिम.


रांजणगावकर

मी मालिकांमधला माणूस नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कोरियन सहकारी बरेच. त्यांच्याबरोबर जेवायला गेलं की नंतर गाणी म्हणणं आलंच. त्यांच्यातले एक पन्नाशीचे साहेब, कामाच्या वेळी फार कडक, दर वेळी एकच गाणं म्हणतात. मी एकदा नाव विचारलं. 'सान-उल्लिम' बँडचं १९८४ सालचं गाणं निघालं. पण शेजारी बसलेला पंचविशीतला इंजिनियरही ते तोंडपाठ म्हणत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, हे आययूचं गाणं. दोघेही बरोबर. २०१४ मध्ये तिने जुन्या गाण्यांचा 'अ फ्लॉवर बुकमार्क' हा अल्बम केला, त्यात हे गाणं आहे आणि मूळ बँडच्या किम चांग-वान यांचाही आवाज आहे तिच्याबरोबर.

मला विशेष वाटलं ते असं की तिने जुनं गाणं झगमगीत केलेलं नाही. साहेबांना त्यात काहीही खटकत नाही. आपल्याकडे जुन्या भावगीतांना नवीन ताल चिकटवून जे चालतं, त्या मंडळींनी हा अल्बम जरूर ऐकावा.


अबोली

रांजणगावकर, किती छान आठवण. तुमच्या साहेबांना इथून नमस्कार!


गुलबक्षी

सदाफुली, 'ली सून-शिन' कुठे बघायला मिळते ते सांगाल का? आईलाही दाखवते.

एक प्रश्न सगळ्यांनाच. 'मून लव्हर्स'मध्ये (२०१६) तिच्या अभिनयावर कोरियात बरीच टीका झाली होती, विशेषतः पहिल्या काही भागांवर. मला तीत ती आवडली होती. एवढ्या अनुभवानंतर असं का झालं असावं?


सदाफुली

गुलबक्षी, ती कुठल्या मंचावर आहे हे सारखं बदलतं, आत्ताचं शोधून विचारपूसमध्ये कळवते. आईंना आवडेल.

'मून लव्हर्स' धाग्याच्या कक्षेबाहेर जातेय, थोडक्यात सांगते. ती आजच्या काळातून गोर्यो काळात पोचलेली मुलगी आहे, सुरुवातीच्या भागांत तिला सतत चकित व्हायचं काम आहे. आययूची ताकद दाबून ठेवण्यात आहे. मोठे मोठे हावभाव तिच्या चेहऱ्यावर उपरे वाटतात. नंतर गोष्ट गडद होते तशी ती सावरते. 'मार्शमेलो'च्या वेळेस जे झालं तेच इथे झालं असं मला वाटतं.


नीलमोहर

सदाफुली, शेवटचं वाक्य फार नेमकं.

माझ्याकडून 'द प्रोड्यूसर्स' राहिलं होतं, ते लिहून माझं म्हणणं पुरं करते. २०१५, केबीएस२, १२ भाग. त्याआधी जांग कुन-सुकबरोबरची 'प्रिटी मॅन' सपशेल पडली होती. 'प्रोड्यूसर्स'मध्ये तिने सिंडी केली. तेराव्या वर्षापासून गाण्याच्या धंद्यात असलेली, कॅमेऱ्यासमोर हसरी आणि कॅमेरा बंद झाला की चेहऱ्यावरची रेषही न हलवणारी तारका. आजूबाजूला माणसांचा गराडा, पण बोलायला कुणी नाही. नवखा निर्माता तिला पावसात छत्री देतो आणि ती परत कर म्हणून मागे लागतो, तेव्हा तिला हे काय चाललंय तेच कळत नाही, कारण तिच्याकडे कुणी कधी असं साधं काही मागितलेलंच नसतं. तो प्रसंग विनोदी आहे, पण आययू तो अजिबात विनोदी करत नाही. छत्रीकडे बघते, त्याच्याकडे बघते, आणि कपाळाला अगदी बारीक आठी.

पंधराव्या वर्षी ज्या दुःखाशी तिचा काही संबंध वाटत नव्हता असं मी वर लिहिलं, ते दुःख इथे तिचं स्वतःचं झालेलं दिसतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'चॅट-शायर' हा अल्बम आला, तिने स्वतः निर्माती म्हणून केलेला. गाण्यातली मुलगी आता गोडही आहे आणि कावेबाजही, आणि ते दोन्ही तीच सांगते. सिंडी केल्यावाचून हे सुचलं असतं का? तंबोरा म्हणतील, सुचलं असतं. मला नाही वाटत.


तंबोरा

निम्मं पटलं असं म्हणतो. 'समडे' आणि 'होल्ड माय हँड' ही दोन गाणी तुमच्या बाजूने आहेत हे खरं. 'चॅट-शायर'मधलं 'ट्वेंटी-थ्री' आज पुन्हा ऐकतो, मग बोलू. त्या अल्बमवरून जो वाद झाला तो मोठा विषय आहे, त्याला वेगळा धागा लागेल.


अबोली

मी काढते तो धागा, पण तुम्ही सगळ्यांनी यायचं. त्याआधी मला क्रम सांगा. 'ड्रीम हाय' सुरू केलीये, पुढे काय?


सदाफुली

'ड्रीम हाय' संपली की 'प्रोड्यूसर्स', मग 'माय मिस्टर'. 'ली सून-शिन' मधूनमधून, घरच्यांसोबत. आणि 'ड्रीम हाय'चा सुशीवाला भाग हेडफोन लावून बघा. पोशाखाकडे बघताना आवाजाकडे दुर्लक्ष होतं.